कातडं म्हशीचं नाही

११ एप्रिल, मुरुड.
काल चौकात सभा. नवा जिल्हा झाला, लातुरात नवी कचेरी, नव्या खुर्च्या. आमच्या वस्तीत पाण्याचा टँकर अजून नाही. २२ तारखेला कलेक्टर कचेरीवर मोर्चा ठरला. भरात जाहीर केलं, टँकर येईपर्यंत अंघोळ करणार नाही. ओल्या फडक्यावर भागवीन. टाळ्या. मागून एक जण, "बाईचं कातडं म्हशीचं हाय, तिला काय व्हतंय!" माईकवरूनच म्हटलं, "हाव, आहे जाड. तुझ्या बोलण्याने फाटणार नाही." हशा माझ्या बाजूने.

१६ एप्रिल.
भीमजयंतीची भाषणं. उमरी, नांदेड, परत मुरुड. उमरीत आवाज असा लागला की लाउडस्पीकर फिका. पण मांड्यांच्या आत, छातीखाली, पोटाच्या घडीत आग. मळ साचला म्हणून फडक्याला साबण लावून खसाखसा घासलं. आता बसवत नाही. शाळेत वर्ग उभ्यानेच घेतला.

१८ एप्रिल.
दवाखाना. डॉक्टरीण नवीन, नांदेडची पोर. म्हणाली, "जाड माणसाची कातडी जाड नसते, ताई. ताणलेली असते. आतली ओल लवकर उडते, घड्यांत घाम मुरतो. त्यात तुम्ही साबणाने घासलंत. शेताचा बांध फुटावा तसं झालंय." इतकी पुस्तकं वाचली, पण स्वतःचं अंग...
वजन कमी करा म्हणाली. उसळलेच. "माझी आई दुष्काळात खडी फोडायची. अंगावर मांस नव्हतं. हे वजन मी मिळवलंय."
"मग सांभाळा ना! वजनाचं मागून बघू. आधी साधं पाणी. टिपून कोरडं करायचं, घडीत मऊ सुती कापड. चिघळलं तर मोर्चात कोण चालणार?"
पाणी! नेमकं तेच.

२० एप्रिल.
परवा मोर्चा. लातूर स्टँडपासून कलेक्टर कचेरी, पायी. शेजारची शेवंताबाई बघत होती. "ताई, असं फेंगडं का चालायलात?" सांगावं लागलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शपथ आमच्या नावानं घेतली. आमाला इचारलं का?"
तिचा प्रश्न तसाच वहीत उतरवला.

२२ एप्रिल, सकाळ.
दारात कळशी. काठोकाठ. घराघरांतून तांब्या-तांब्या जमलेलं पाणी.
"लेकरांच्या तोंडचं न्हाई," शेवंताबाई. "भांडी नुसत्या राखेनं घासली, त्याचं उरलंय."
"शपथ मोडली तर लोक हसतील."
"हसू द्या. तुमी रस्त्यात बसल्या तर कलेक्टर हसंल. त्ये चालंल का?"
आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले, आपल्या बायका बोलायला शिकल्या पाहिजेत. शिकल्या. ऊर भरून आला, घडी चरचरत असतानाही.
कळशी मोरीत ठेवलीय. आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या फाडून ठेवल्यात. टँकर अजून आलेला नाही. बाहेर बायका जमल्या, घोषणा सुरू. शेवंताबाई दाराला थाप मारतेय.
"ताई, न्हाल्या का न्हाई?"