डाव्या पंखाचा डबा

आबा, टर्कीचं पीस डाव्या पंखातलं की उजव्या, हे मी आजही डोळे मिटून सांगते. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, बोटांची सवय काही गेली नाही. एका बाणाला तीन पिसं आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली. एक जरी दुसऱ्या बाजूचं लागलं तरी बाण हवेत शेपूट हलवत भलतीकडे जातो. हे तुम्ही मला दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात शिकवलंत, चहाच्या किटलीच्या वाफेवर वाकडं पीस सरळ करता करता. आई ओट्याशी उभी असायची. "माझ्या किटलीत कोंबड्या शेकताय व्हय?" म्हणायची आणि किटली दोनदा घासून घ्यायची. तुम्ही फिटर माणूस. रेल्वेत तुमच्या हाताखाली असलेल्या बिहारकडच्या एका खलाशाकडून बांबूचं धनुष्य शिकलात आणि रविवारी कॉलनीमागच्या मैदानात आम्हा सात-आठ पोरांना शिकवायला लागलात. यवतजवळ एकाने टर्की पाळल्या होत्या, त्याच्याकडून पिसं आणायचात. डावी एका बिस्किटाच्या डब्यात, उजवी दुसऱ्या. डबे लावायचं काम माझं, तुमच्या लेकीचं. दुसऱ्या कुणाला तुम्ही त्या डब्यांना हात लावू द्यायचा नाहीत, आणि मी नववीत असताना मला एवढं पुरत होतं.

मग ती आली. कासुर्डीची, माझ्याच वयाची, दोन वेण्या आणि खांदे गड्यासारखे. तिच्या आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागे फिरलेले, बापाने शेती धरलेली. दर रविवारी गाडी धरून दौंडला यायची आणि तुम्हाला मामा म्हणायची. मला तो मामा शब्द कानात खडा गेल्यासारखा टोचायचा. तिसऱ्याच रविवारी तुम्ही तिच्यासाठी बाण करायला घेतलेत. तिच्या बाणांना चार इंची बसकी पिसं, माझ्या बाणांना पाच इंची, उंच. मी विचारलं, "आबा, मलापण चार इंची लावा की." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाण सोडताना तुझी बोटं हलत्यात. मोठं पीस बाणाला सावरून घेतं. वेग जरा कमी हुतो, पण चूक झाकतं." मी म्हटलं, "आन् तिची?" तुम्ही पात्याने पीस कापत होता. "तिची न्हाई हलत," म्हणालात, आणि असं हसलात की तसं माझ्याकडे बघून कधी हसला नव्हता. आबा, तुम्ही खरं तेच बोललात. माझी बोटं हलायचीच. पण त्या दिवसापासून माझा प्रत्येक बाण म्हणजे झाकलेली चूक झाला. मैदानात ती धनुष्य ताणते, तुम्ही तिच्या मागे उभे राहता, हात पाठीशी बांधून, श्वास रोखून. मी ताणते तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी धनुष्याची दोरी बघत असता.

जिल्ह्याच्या संघाची निवड शिरूरला एका शाळेच्या मैदानावर होती. आदल्या दिवशी तिचे सहा बाण नव्याने करायचे होते. तुम्ही ड्यूटीवर होता, आई दळण आणायला गेली होती. मी उजव्या डब्यातली पाच कापलेली पिसं उचलली आणि डाव्या डब्यात मिसळली. कापलेलं पीस नुसतं बघून ओळखू येत नाही, त्यावर बोट फिरवावं लागतं. तुम्ही डबल ड्यूटी करून संध्याकाळी आलात, चहा घेतलात आणि बसलात. बोट फिरवलं नाहीत. डबा मी लावलेला होता ना. दोन पिसं गेली, दोन बाणांत एक-एक. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा उरलेली तीन मी परत जागेवर ठेवली.

शिरूरला तिचे चार बाण बरोबर गेले आणि दोन लक्ष्याच्या बाहेर मातीत. मातीतले बाण तिने स्वतः उपटून आणले. "मामा, माझं काय चुकलं वो?" एवढंच विचारलं. तुम्ही बाण उन्हात धरला, पिसांवर अंगठा फिरवला. "तुझं न्हाई पोरी. माझंच चुकलं." तेवढ्यात माझं नाव पुकारलं. संघात शेवटची जागा मला मिळाली होती. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि परत तो बाण फिरवून बघू लागलात. मला त्या क्षणीही तिचाच राग आला.

घरी येऊन तुम्ही दोन्ही डबे जमिनीवर उपडे केलेत. एकेक पीस चाचपून पाहिलंत. सगळी आपापल्या डब्यात. म्हणजे उचलताना आपलीच नजर डबा चुकली, अशी तुमची खात्री झाली. पुण्याला जाऊन डोळे तपासून आलात. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. तुम्हाला ते पटलं नाही. "मशिनवर बसून दिसतंय सगळं, पर कामात दगा दिला," असं आईला सांगत होता. पुढच्या रविवारी दोन्ही डबे, पिसं चिकटवायचा साचा, पातं माझ्यापुढे ठेवलंत. "आता तूच कर. तुझी नजर चांगली हाय." त्यानंतर तुम्ही एकाही बाणाला पीस लावलं नाहीत. निवृत्तीनंतर ओसरीत नुसते हात मांडीवर ठेवून बसायचात, तेव्हाही नाही. तिचे बाणसुद्धा मीच करत राहिले आणि अगदी चोख केले. पुढच्या वर्षी ती संघात गेली, मी नाही. तुमच्या अंत्ययात्रेत ती माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि त्या गर्दीतही मला वाटलं, हिचा काय संबंध?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पेटीत टाकलं नसतं. लोकांना वाटेल की मी भीतीने गप्प राहिले. तसं नव्हतं. तुम्ही ओरडला असता, चार दिवस बोलला नसता, मग माफही केलं असतं, हे मला माहीत होतं. "आबा, तुमचे डोळे ठीक आहेत," एवढं एक वाक्य बोलले असते तर तुम्ही त्याच संध्याकाळी परत पिसं लावायला बसला असता. पण आधी तिच्या बाणांना बसला असता, म्हणून बोलले नाही.