पंचविसाव्या वाढदिवसाची भेट

अहो,

पोहे कढईत झाकून ठेवलेत. शेव वरून घालून घ्या, आधी घालाल तर नरम पडेल.

काल आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही मला चमकत्या कागदात गुंडाळून भेट दिलीत. उघडली तर तुमच्याच त्या जुन्या हॉलिवूडच्या विनोदी सिनेमाची डीव्हीडी. याच सिनेमाच्या दोन डीव्हीडी घरात आधीच आहेत, एक माझ्या साड्यांच्या कप्प्यात आणि एक पापडाच्या डब्यात. वर मलाच समजावलंत की हिची प्रिंट जास्त साफ आहे. मग ती डिस्क निघाली अमेरिकेतल्या प्लेयरसाठीची, आपल्या प्लेयरवर चालेना, म्हणून संध्याकाळभर प्लेयर खोलून बसलात. मी नवी साडी नेसून सोफ्यावर बसले होते. बाहेर जेवायला जायचं होतं, ते तुमच्या लक्षातही आलं नाही. हद हो गई.

मी शमिकाकडे विजय नगरला जातेय. किती दिवस, ते लेकीला सांगितलेलं नाही.

तुमच्या सगळ्या सिनेमांत बायको चिडून घर सोडते आणि नवरा तिच्यामागे धावत सुटतो, हे तुम्हीच मला शंभर वेळा सांगितलंय. मी ऑटोने जातेय. स्कूटरची चावी प्लेयरवर ठेवली आहे.

सुनीता