दोन हातांचा माणूस

मु. रिठद
एप्रिल १९४१

प्रिय चांद,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. शाळेतले मास्तर लिहून देत आहेत. मी बोलतो वऱ्हाडीत, ते लिहितात पुस्तकातल्यासारखं. पत्रातलं कुणाला सांगणार नाही, अशी त्यांनी आईची शपथ घेतली आहे. खाली अंगठा लावायचा, तर तोही माझ्याकडे नाही. बाजारात तू ऐकलं असशीलच. ऐकलंस ते खरं आहे. उजवा हात मनगटापासून गेला, डावा कोपराच्या थोडा खाली.

मार्गशीर्षात कस्तुराला सातवा लागला होता. तिनं तोंडानं कधी काही मागितलं नाही, पण त्या दिवसांत एवढंच म्हणाली, "एखांदी मरळ भेटली तं पाहा." तलाव तुडुंब. तीन दिवस जाळं फेकलं. तीनही दिवस चिंगळ्या आल्या आणि शेवाळ आलं. मरळी सगळ्या खाली, गाळात. मी भोयाचा पोरगा, आणि बायकोला एक मासा आणून देऊ शकत नाही, हे मला लागलं. चौथ्या दिवशी सकाळी घरातली सुरुंगाची कांडी घेऊन गेलो. वात पेटवली आणि मनात मोजू लागलो. बहुतेक वात आखूड होती. हात वर नेला तेवढंच आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा बाबा आपलं पागोटं फाडून माझे हात आवळत होते. पाण्यावर पांढऱ्या पोटांचे मासे तरंगत होते आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते टोपल्यांत भरत होती. त्यांना दोष देत नाही. मीही भरले असते. बैलगाडीतून वाशिमला नेलं, तिथे डॉक्टरांनी उरलेलं कापलं.

माघात मुलगी झाली. कस्तुरा तिला माझ्या मांडीवर ठेवून पाण्याला जाते. परवा तिच्या डोळ्यावर माशी बसली. मी फुंकर मारत राहिलो. माशी उडायची, फिरून बसायची. पोरगी रडायला लागली आणि मी फुंकत राहिलो, फुंकत राहिलो, कस्तुरा येईपर्यंत. तिनं पोरीला उचललं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि चुलीकडे गेली. तीच मला भरवते, धोतर नेसवते. एकदाही म्हणाली नाही की, मरळ मी मागितली होती. पण आता ती मासा खात नाही.

जमादार तीनदा येऊन गेला. "कांडी कोनं देल्ली?" तीनदा मी एकच सांगितलं : पाटलाच्या नव्या विहिरीपाशी सापडली. तुझी अम्मी, अमीनाबी, दर शुक्रवारी येते. माझ्या डोक्याला तेल लावते आणि विचारते, "माहा चांद काहून येत नाई रे?" विहिरींत सुरुंग लावायच्या कामावरून सुटी मिळत नसेल, म्हणतो. तिला ठाऊक नाही. मागच्या रमजान ईदला तूच ती कांडी माझ्या हातात ठेवली होतीस. "ठेव, एखांद्या दिवशी गंमत पाहू," म्हणाला होतास. तू हसलास, मीही हसलो. ती पेटवायला तू सांगितलं नव्हतंस. पण माझे हात गेल्यापासून तू गावात आलेला नाहीस.

आता लिहायचं कारण सांगतो. वैशाखात पाणी गुडघ्यावर येईल आणि आमची सगळी आळी मिळून मोठं जाळं ओढेल, या काठापासून त्या काठापर्यंत. दर घरचा एक माणूस दोरीला लागतो. ज्या घरचा माणूस दोरीला नाही, त्या घराला वाटा नाही. तो वाटा सुकवून आम्ही पावसापर्यंत जगतो. बाबा म्हणतात, मी उभा राहतो. दोन पावलं चालले की त्यांना दम लागतो. कस्तुरा पंचांपुढे जाऊन म्हणाली, "मी राह्यतो उभी." ते हसले. मग म्हणाले, "मानूस कोनाच्याबी घरचा आना, पन दोन हाताचा आना." आळीतले सगळे आपापल्या दोरीला आहेत. मी मागणार कुणाला? गाळात पाय कसा रोवायचा, हे तुला मी शिकवलं आहे. माझ्या जागी उभा राहा. जमादार आला, तर चौथ्यांदाही मी तेच सांगेन. माफी मागायला येऊ नकोस, चांद. ती माझ्याजवळ आहे की नाही, मलाच माहीत नाही. चार दिवस दोरी धरायला ये.

तुझाच,
इंद्रभान