अंगणातला खड्डा आणि चादरीची दोन टोकं

गल्लीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आणि तुमच्यात मागे हात बांधून उभ्या असलेल्या माझ्या दोन मुलांनो! आपला सार्वजनिक पोहण्याचा तलाव बुजवून त्यावर गाड्या उभ्या केल्या, ते आपण सगळ्यांनी कुंपणाला नाक लावून पाहिलं आहे. त्या दिवसापासून या वस्तीत ज्याला पोहायचं असेल त्याने बादलीत पोहावं, अशी व्यवस्था आहे. ती मला मान्य नव्हती आणि मेल्यावरही नसेल.

तर मी, जिला तुम्ही समोर काकू आणि पाठीमागे तोफ म्हणता, डोकं ठिकाणावर असताना, कोणी कानाशी न लागता, स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. आधी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

कलम १. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. बँकेतल्या ठेवीतून आधी अंगणातला तलाव पुरा करावा, उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं.

कलम २. पुस्तकं वाचनालयाला, पण एका अटीवर. मी समासात लिहिलेली भांडणं खोडायची नाहीत.

कलम ३. भाषणाचा कर्णा त्या अध्यक्ष महाशयांना, ज्यांनी तलावाच्या सभेत माझा माईक बंद केला. कर्ण्याला वीज लागत नाही, हे त्यांना कळवावं.

कलम ४. आता खड्डा. तलावासाठी अंगणात खणून घेतलेला तो दोन पावसाळे पडून आहे आणि त्यात पाण्याऐवजी अबोला साठला आहे. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

थोरला बांधकामाचा ठेकेदार. त्याचं म्हणणं, तलाव काँक्रीटचाच, बाकी सगळी खेळणी. धाकटी दुखऱ्या गुडघ्यांच्या लोकांना व्यायाम शिकवते. तिला फायबरग्लासचा तयार हौद हवा होता, कारखान्यातून अखंड येणारा, आतून काचेसारखा गुळगुळीत. तिसरा प्रकार विनाइलच्या अस्तराचा. भिंती आणि तळ बांधून घ्यायचा आणि आत मापाची जाड चादर पसरायची. त्याची बाजू घ्यायला घरात कोणीच नव्हतं, म्हणून मला त्याचंच कुतूहल वाटू लागलं.

मी तिन्हींचे तुकडे आणले, टबात बुडवून ठेवले आणि येईल त्याला डोळे मिटून पाय ठेवायला लावला. काँक्रीटवर दातांच्या डॉक्टरीणबाई "आई गं" म्हणाल्या. बाईंच्या स्वतःच्या बागेत फायबरचा हौद होता. पाहुणे येणार म्हणून ऐन पावसाळ्यात त्यांनी तो धुवायला रिकामा केला, आणि जमिनीखाली साठलेल्या पाण्याने तो होडीसारखा वर उचलला. सगळी गल्ली हळहळत होती. मी मात्र ओणवी होऊन खाली काय दिसतं ते बघत होते. बाई अजून माझ्यावर रुसून आहेत. त्यांची बाग ओढ्याकाठी आहे. आमचा खड्डा पत्र्याखाली दोन्ही पावसाळे कोरडा राहिला, हे मी रोज वाकून पाहिलं आहे. खालचं पाणी चढत असतं तर चादरही फुगली असती, आणि मी हा मजकूर लिहिला नसता.

हौद गल्लीतून आत येईल का, हे पाहायला आम्ही त्याच्या मापाची बांबूची चौकट बांधली आणि तिघं ती खांद्यावर घेऊन निघालो. इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावर ती अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना.

"काकू, घर कुठं निघालं?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"घर नाही रे, हौद आहे!"

"मग पाणी?"

"मागून येतंय. तू बाजूला हो!"

थोरला हसला. "बघ, अडकला तुझा बाथटब."

"दादा, तुझ्या काँक्रीटवर माझ्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे सोलून निघतील, ते चालेल तुला?"

"मग वरून क्रेनने आण. या विजेच्या तारा तूच धरून ठेव!"

"तू धर. तुझं डोकं आहेच दगडाचं, शॉक लागणार नाही."

दोघांनी बांबू तिथेच टाकले. चौकट मी आणि इस्त्रीवाल्याने सोडवली. त्यानंतर माझी मुलं या अंगणात एकत्र उभी राहिलेली नाहीत.

म्हणून माझा निर्णय असा: अस्तराचा तलाव. चादर घडी होऊन हातगाडीवर येते, कोपरा तिला अडवत नाही. ती पायाला मऊ असते आणि खणलेल्या खड्ड्याला बसेल अशी बेतून मिळते. भिंती आणि तळ थोरल्याने बांधावा. पायऱ्या आणि खोली धाकटीने ठरवावी. थोरला म्हणेल, "आई, हे प्लास्टिक दहा-बारा वर्षांत जाईल." जाऊ दे की! कायमचं बांधलं की माणसं पुन्हा फिरकत नाहीत. चादर विरली की नवी घालायला तुम्हा दोघांना परत इथेच यावं लागेल. हा दोष मला तिन्ही प्रकारांतल्या सगळ्या गुणांपेक्षा जास्त आवडला.

कलम ५. चादर अंथरून तलाव भरेपर्यंत घराच्या चाव्या इस्त्रीवाल्याकडे राहतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तोच करील. तो कोणालाच घाबरत नाही, मला सुद्धा.

एक गोष्ट नीट वाचा. चादरीवर सुरकुत्या पडतात. मागची हवा ओढून घेतली तरी काही राहतातच. त्या पाणी घोट्याशी असतानाच पायाने सारून काढायच्या. पाणी वर चढलं की त्याच्या वजनाखाली त्या तशाच बसतात, मग कोणाच्या बापाला हलत नाहीत. एकट्याने हे होत नाही. एक जण ओढतो, दुसरा सारतो.

तेव्हा थोरल्या, धाकटे, माझे दिवस उरकले की येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळी अंगणात या, चपला बाहेर काढा आणि चादरीची दोन टोकं धरा.

ठिकाण: खड्ड्याच्या काठावरची खुर्ची
दिनांक: चार एप्रिल, रविवार
लिहून ठेवणार: तोफ (सही)

हिने आमच्यासमोर, शुद्धीवर आणि नेहमीच्याच आवाजात वाचून दाखवून सही केली.
साक्षीदार: शेजारचा पुस्तकं बांधणारा (सही)
साक्षीदार: दातांच्या डॉक्टरीणबाई (सही; रुसवा कायम)