पंचमीची भरती

तीर्थरूप आबा,

हर्णैहून वृषालीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे?

परवा मी स्कूटर ओल्या वाळूवर लावली, सणसरला आपण कॅनॉलच्या भरावावर लावायचो तशी. छकुली म्हणाली, “आई, आज पंचमी. पावणेचारला भरती.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिला कोळणींनी शिकवलंय. सात वर्षांच्या पोरीचं मी ऐकलं नाही. चाकं बुडाली, तेव्हा तिनंच हाका मारून माणसं जमवली.

आम्ही इकडं राहायला निघालो तेव्हा “पोरीला पाण्याच्या तोंडाशी नेऊ नगंस,” म्हणून तुम्ही रुसलात. अजून इकडं फिरकला नाहीत.

छकुलीनं तुमच्यासाठी पुनव काढून ठेवलीय. त्या संध्याकाळी सव्वापाचला पाणी सगळ्यात लांब जातं, म्हणजे आबांना भीती वाटणार नाही, म्हणते.

तुमची,
वृषाली