तब्येत जरा जास्त हाये

२४ ऑक्टोबर

ईसीजी परत चांगला! डॉक्टर कागद दाखवून म्हणतो, बाई, तुमचं हृदय माझ्याहून ठणठणीत आहे. मंग काल मी मरत कशी होते?

काल भाऊबीजेची गर्दी. अंबडहून जालन्याला गाडी खच्चून भरलेली, मी मधोमध अडकलेली, हातात तिकिटाचं मशीन. मागच्या सीटवर कुणाचा तरी फोन वाजला. तो माणूस बोलला, "काय? कवा नेलं दवाखान्यात?" बस्स, एवढंच. तो कोण, कुणाला नेलं, मला काय ठावं! पण माझी छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, अंगाला घाम, श्वास वरच्या वर. मशीन पडलं. आमचे ड्रायव्हर तातेराव — त्यांनी स्टँड सोडून गाडी थेट दवाखान्यात घातली. सगळे प्रवासी पिशव्या न् फराळाचे डबे घेऊन दवाखान्याच्या आवारात उभे! एक म्हातारी म्हणे, कंडक्टरीन गेली तर हेच तिकीट दुसऱ्या गाडीत चालंल का?

आत्ता हसू येतंय. काल न्हाई आलं.

डॉक्टरनं चिठ्ठी दिली, मानसोपचारवाल्यांना दाखवा म्हणून. मी येडी आहे का?

२६ ऑक्टोबर

धम्मपालचं ऑपरेशन झालं! माझ्या सख्ख्या भावाचं! अपेंडिक्स. दिवाळीच्या आधीच. मला आज कळलं, ते पण शेजारच्या पुष्पाबाईकडून — सहज विचारून गेली, तुमच्या भावाचे टाके सुकले का? आमचे हे म्हणजे राजानंद, कामासाठी परगावी चाललो सांगून गेल्ते, ते टेंभुर्णीला माझ्या माहेरी गेल्ते!

भांडले. हे म्हणाले, त्याचं ऑपरेशन बघायचं का तुला सावरायचं? धम्मपालला फोन लावला. तो हळूच बोलला, "आक्का, तुला सहन होत न्हाई. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं, तुला काही सांगायचं न्हाई."

सगळ्यांनी! म्हणजे माझ्या बापानं, आबांनी पण.

आता कुणी "सगळं बरं हाये" म्हणलं तरी माझा विश्वास कसा बसावा? आबांना काही झालं तर? तेरवीच्या आमंत्रणालाच कळायचं मला! आमच्यात तेरवी करत न्हाईत म्हणा, पण अर्थ तोच. मी यांना घरातलं माणूस वाटत न्हाई, काचेचं भांडं वाटते. लई वाईट वाटलं. रडले.

मला बरं व्हायचंय. दुसरं काही न्हाई — माझ्या माणसांनी मला खरं सांगावं, एवढं बरं व्हायचंय.

३ नोव्हेंबर

जालन्याला गेले, मानसोपचारवाल्या मॅडमकडं. तोंडाला पदर बांधून गेले न् बाकड्यावर शेजारी आमच्याच डेपोतला क्लार्क! दोघंही छताकडं बघत बसलो.

मॅडम म्हणाल्या, हा चिंतेचा आजार आहे, झटके येतात त्याला पॅनिक म्हणतात. हृदय चांगलं आहे. अंग पळून जायच्या तयारीला लागतं, पण पळावं असं समोर काही नसतंच. त्यानं जीव जात न्हाई, झटका चढतो न् आपोआप उतरतो. कशानं होतं? एकाच कारणानं न्हाई म्हणे. काही रक्तात असतं — आमची आई पण घाबऱ्या जिवाची होती — काही बघितलेलं-भोगलेलं असतं. थायरॉईड तपासायला सांगितलं. एक गोळी सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतील, आधी आधी जरा जास्तच कसंतरी होईल, मनानं बंद करू नका. चहा कमी करा. चहा! कंडक्टरला!

फोनच्या आवाजानं होतं म्हणल्यावर विचारलं, कधीपासून? म्हणलं, आई गेल्यापासून. म्हणाल्या, त्याच्या आधी फोन वाजला की काय व्हायचं? मला सांगताच येईना. लिहून बघा म्हणाल्या.

म्हणून ही वही.

४ नोव्हेंबर

त्याच्या आधी फोन वाजला की मी पळायचे!

टेंभुर्णीला आबांचा एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काळी अक्षरं, आत काचेची खोली, लाल आकड्यांचं मीटर. आबांचा एक पाय पोलिओचा, त्यामुळं अपंगांच्या कोट्यातून त्यांना तो बूथ मिळाला होता. पण गावात कुणाच्या घरी फोन न्हाई. ज्याला त्याला बूथवर बोलवून आणायचं — ते काम कुणाचं? माझं. फोन वाजला की आबा ओरडायचे, शीले, कारभारीच्या घरी! की मी फ्रॉक खोचून सुटले! "चला, फोन आलाय, परत लावणार हायेत!" पोरगी बघितली की बायाच चुलीपुढून उठायच्या. कुणी मुठीत शेंगा द्यायचं, कुणी पेरू, कुणी हुरड्याचं कणीस. माझा खिसा कधी रिकामा न्हाई राह्यला.

बाया चपला बाहेर काढून काचेच्या खोलीत जायच्या, देवळात गेल्यासारख्या. बाप्ये असे बोंबलायचे की जालन्याला बिनफोनचंच ऐकू जावं. तुळजाबाई मावशीचा पोरगा सुरतेला होता, दर रविवारी फोन करायचा. मावशी न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, कुंकू ठसठशीत लावून येऊन बसायची. मी म्हणायचे, मावशी, त्याला दिसत न्हाई. ती म्हणायची, असू दे. मला तर बोलायचंय ना त्याच्याशी.

आमच्या वस्तीत सगळं गाव यायचं तेव्हा. ज्यांनी आमच्या घरचं पाणी कधी प्यायलं न्हाई ते आमच्या बाकड्यावर बसायचे, वाट बघत. आबा कुणाला पुढं-मागं करायचे न्हाईत, सगळ्यांना रांगेत बसवायचे. ताठ बसलेले असायचे खुर्चीत. किती रुबाब होता आबांचा! एवढं सुख परत न्हाई झालं मला.

९ नोव्हेंबर

गोळीनं मळमळ. झोप न्हाई. मॅडमला फोन केला — हे होतं, थांबा म्हणाल्या. पुष्पाबाई म्हणते, नारळ उतरवून टाका. तिला म्हणलं, आमच्याकडं चालत न्हाई, तू तुझ्यावरून टाक.

१२ नोव्हेंबर

बूथचं त्या दिवशी निम्मंच लिहिलं. गोडगोड तेवढं.

कधी कधी फोन आला की आबा ओरडायचे न्हाईत. जवळ बोलवायचे. हळू आवाजात सांगायचे, भागवतरावच्या घरी जा. म्हणावं, बहिणीची तब्येत जरा जास्त हाये, निघून या. बाकी काही बोलू नको. विचारलं तरी.

बहीण गेलेली असायची. दर वेळेला. मला पहिल्यांदा कळलं न्हाई, मंग कळायला लागलं. आबांचा आवाज हळू झाला की माणूस मेलं. मी तेव्हा पण पळायचे, पण कुणी शेंगा द्यायचं न्हाई. भागवतरावांनी माझे दोन्ही खांदे धरले न् म्हणाले, खरं सांग पोरी, हाये का गेली? मी म्हणलं, तब्येत जरा जास्त हाये. छाती अशी धडधडत होती की त्यांना ऐकू जाईल वाटलं. तीच धडधड! आत्ताची न् तेव्हाची, एकच!

गावात अशीच रीत. मेलेलं कुणी सांगत न्हाई, "सिरियस" सांगतात, कारण माणसाला एकट्यानं दोन गाड्या बदलून यायचं असतं. पण आबांचं त्याहून वेगळं होतं. आमच्या आजोबांकडं गावकीचं काम होतं — गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना मौतीची खबर पायी जाऊन द्यायची. उन्हातान्हात. खबर देऊन दारातच उभं राहायचं. छप्पन साली दीक्षा घेतली न् आजोबांनी ते काम टाकलं. आबा म्हणायचे, आपल्या घरानं मौतीच्या खबरा लई वाह्यल्या, आता आपल्या तोंडून कुणाला मौत कळणार न्हाई. म्हणून बूथवर बसून पण त्यांनी कधी "गेला" हा शब्द काढला न्हाई. मला पण काढू दिला न्हाई.

आई गेली तेव्हा धम्मपालनं फोन केला. आईची तब्येत जरा जास्त हाये, निघून ये. मी ड्यूटीवर. गाडी भरलेली. मला तर त्याच क्षणी कळलं! पण सांगितलं कुणी न्हाई, मंग रडायचं कशाच्या नावानं? जालना येईपर्यंत तिकिटं फाडत राह्यले.

लिहिताना वही मिटून टाकावी वाटलं. पण बसून राह्यले. उठले न्हाई.

२० नोव्हेंबर

मॅडमला वाचून दाखवलं. त्यांनी भागवतरावांचं परत वाचायला लावलं. मंग म्हणाल्या, तुमच्या घरात "बरं नाही" म्हणजे मेलं, हे तुम्ही लहानपणीच शिकलात. आता शरीराला नवं शिकवायचं. फोन वाजला की पळायचं न्हाई, टाळायचं पण न्हाई. धडधडलं तर धडधडू द्यायचं, जागेवर थांबायचं, श्वास सोडताना लांब सोडायचा. न् घरच्यांना दिवसभर "सगळं बरं आहे ना" विचारत सुटायचं न्हाई — एकदा विचारायचं, बस्स. विचारलं की घटकाभर बरं वाटतं, पण भीती अजून माजते.

म्हणलं, मॅडम, माझ्या गाडीत सगळेच फोन वाजतात! त्या हसल्या. म्हणाल्या, मग तुम्हाला सराव फुकट.

२७ नोव्हेंबर

सराव! आज अंबड ते जालना फोनच फोन. कुणाचा पाळणा, कुणाची आरती, एका पोराचा तर कोंबडा आरवतो. प्रत्येक वेळी मी दांडा धरून उभी, श्वास लांब सोडत. तातेराव आरशातून बघत म्हणाले, बाई, तुम्ही फुगे फुगवून राह्यल्या का?

मशीन पडलं न्हाई!

६ डिसेंबर

सकाळी विहारात अभिवादनाला गेलो. पांढरी साडी. शांत वाटलं. झोप लागायला लागलीय, गोळी लागू पडलेली दिसते. हे म्हणाले, तू परत भांडायला लागलीस, म्हणजे बरी होऊन राह्यलीस.

१४ डिसेंबर

टेंभुर्णीला जाऊन आले. हुरडा, दह्याची चटणी, थंडी. जिवाचं माहेर झालं! बूथची काचेची खोली अजून आहे, धम्मपालच्या बायकोनं तिच्यात कोंबड्या कोंडल्यात. म्हणलं, आबा, तुमच्या गिऱ्हाइकांची रांग न्हाई मोडली. आबा लई हसले. मंग दोघं उन्हात बसलो न् जुनं काढलं — तुळजाबाईचं लुगडं, माझा शेंगांचा खिसा. त्यांना माझ्याहून जास्त आठवतं. परत लहान व्हावं वाटलं. खरंच वाटलं.

मंग मी बोलले. म्हणलं, आबा, ती खबर पोचवायचं मला भ्या वाटायचं. तेच भ्या अजून अंगात आहे, त्याचीच गोळी चालू आहे. आबांनी पोलिओचा पाय हातानं उचलून सरळ केला. म्हणाले, मला वाटायचं, पोरगी खेळत-पळत जाती. मला तर तुझ्यावरनं त्या खबरांचं ओझं उतरवायचं होतं, बाई.

मी म्हणलं, "आबा, मला खरं सांगत जा. मी पडले तर पडंन. उठंन पण."

आबांच्या आधी धम्मपालच मधी म्हणाला, आक्का, आधी बरी तर हो.

जेवताना आबांनी भाकर निम्मी ठेवली. विचारलं. दात दुखतो म्हणाले. परत विचारावं असं दहादा तोंडाशी आलं. एकदाच विचारलं.

२ जानेवारी

झटका आला. गाडीत, गर्दीत. वाटलं होतं संपलं आता हे! दांडा धरला. चढू दिला. मरत न्हाई मी, मरत न्हाई, एवढंच मनात. मंग उतरला, खरंच उतरला! एक बाई म्हणाली, ओ कंडक्टर, निम्मं तिकीट द्या ना. दिलं. घंटी मारली.

मॅडम म्हणाल्या, झटका न येणं म्हणजे बरं होणं असं न्हाई. आला तरी तुम्ही तिकीट दिलं ना?

घरी कुणाला सांगितलं न्हाई. मंग वाटलं, मी पण तेच करून राह्यले का? सांगितलं. ह्यांनी नुसतं पाणी दिलं. बरं केलं.

११ जानेवारी

आबांचा फोन. कधी करत न्हाईत. स्वतः लावलेला.

म्हणाले, "शीले, बसली का? ऐक. मी एकटाच जालन्याला दाखवून आलो. पोटात गाठ हाये, पसरली म्हणाले. मी आता न्हाई जगत, बाई. धम्मपालला अजून बोललो न्हाई. तुला पहिलं सांगून राह्यलो."

छाती धडधडली. धडधडू दिली.

मंग विचारलं, "दुखतं का, आबा?"

"दुखतं," म्हणाले. मंग आम्ही लई वेळ बोललो.