२६ मेची बाई

१० डिसेंबर
आज : नोबेल पारितोषिके पहिल्यांदा दिली गेली (१९०१)

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल परवा पोचलं. आत लोकरीचे दोन गुंडे, खोकल्याच्या औषधाची बाटली (बूच घट्ट होतं, थेंब सांडला नाही) आणि तुमच्या छापखान्याची नव्या वर्षाची पानं फाडायची दिनदर्शिका. टपालखर्च अठरा रुपये, त्यातले सहा नुसते दिनदर्शिकेच्या वजनाचे. ती पाठवली नसतीस, तर सहा रुपये आणि आमची झोप, दोन्ही वाचलं असतं.

तुला ठाऊकच आहे, बावीस वर्षं आमच्या दिनदर्शिकेचे दिनविशेष हेच लिहितात. एकेका तारखेला देव भरभरून देतो. १२ फेब्रुवारीला तर एकाच वर्षी दोन थोर माणसं जन्मली! पण काही तारखा पार कोरड्या. अशा एखाद्या कोरड्या तारखेला हे दर वर्षी एक खोटी घटना बसवतात, कुणी आमचं चोरून छापलं तर पकडता यावं म्हणून. ती कुठली हे फक्त यांना आणि मालकांना ठाऊक. मला बायको असून परवा कळलं! या वेळी ती २६ मेची : दीपगृहाच्या रखवालदाराच्या विधवेने चाळीस रात्री एकटीने दिवा तेवत ठेवून जहाजं वाचवली.

ती बाई तुमच्या दिनदर्शिकेत २६ मेलाच उभी आहे. आमची बाजारात येण्याआधी तुमची आली, म्हणजे चोरी छापील पानावरून नाही, थेट यांनी घरी ठेवलेल्या तारीखवार खोक्यातल्या कार्डावरून झाली. यांनी काल ती मालकांना दाखवली, तर मालक म्हणाले, कार्ड तुम्हीच विकलंत. महिनाअखेर चोर दाखवा, नाहीतर एक तारखेपासून येऊ नका.

तू जूनमध्ये आठ दिवस इथे होतास. निजायचास खोक्याच्याच खोलीत. मी काही म्हणत नाही. फक्त विचारते.

तुझ्या उत्तरावर जीव टांगून बसलेली,
ताई

१३ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू काही म्हणत नाहीस म्हणतेस, आणि पानभर म्हणतेस. लहानपणी गुळाचा डबा रिकामा झाला की तू आधी माझं तोंड हुंगायचीस. आजही तेच चाललंय.

भाऊजींच्या खोक्याला मी हातसुद्धा लावलेला नाही. आठ दिवस त्यावर माझा टॉवेल वाळत होता, एवढाच आमचा संबंध. आमच्याकडे मी प्रुफं तपासतो. दिनविशेष जमवणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांना विचारतो. तुमच्या कार्यालयातल्या लोकांकडेही जरा बघ की. घरच्याच माणसावर का घसरतेस?

राग असला तरी धाकटाच,
बारक्या

१७ डिसेंबर
आज : विमान पहिल्यांदा उडालं (१९०३)

चि. बारक्यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट दोनदा चिकटवलेलं होतं. का? एकदा लिहून झाल्यावर काय काढून घेतलंस?

कार्यालयातल्यांचं बघून झालं. खोकं घरातून कधी बाहेर जातच नाही. छापायचा मजकूर हे हाताने उतरवून जुलैत नेतात. तुमच्या गृहस्थांनी २६ मेची ओळ कधी घेतली, हे विचारलंस का? मी आता खोक्याच्या झाकणावर दोरा लावून ठेवते. दोरा जागचा हलत नाही. पण चोर आता कशाला येईल?

हे मात्र तुझ्यावर एक शब्द ऐकून घेत नाहीत. मी तुझं नाव काढलं, तर म्हणाले, पोरगा धांदरट आहे, लबाड नाही. आणि उठून भिंतीकडे तोंड करून बसले. सकाळी अजूनही सदऱ्याची सगळी बटणं लावून वेळेवर निघतात. तिथे त्यांना कुणी काम देत नाही. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून येतात. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण ठेवील, तेही चोर म्हणून?

रोज देवासमोर बसले की चोराला सद्बुद्धी दे म्हणते, आणि डोळ्यांपुढे तुझा टॉवेल येतो. हे पाप माझ्या माथी ठेवू नकोस. खरं लिही.

ताई

२० डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं होतं, कारण पहिल्या मजकुरात मी तुला फार वाईट बोललो होतो. ते पान फाडलं.

आता बसून वाच. आमच्या गृहस्थांनी सगळ्या चिठ्ठ्या तारीखवार तारेला ओवून ठेवल्या आहेत. २६ मेची चिठ्ठी निघाली. अक्षर माझं! मग त्यांनीच आठवण करून दिली : जूनच्या सुरुवातीला त्यांची ती तारीख रिकामी होती, त्यांनी प्रुफं आणून देताना सहज विचारलं, आणि मी दुसऱ्या दिवशी चिठ्ठी दिली होती. तेव्हा मी तुझ्याकडे आलोही नव्हतो.

घरी येऊन तुझ्या पत्रांचा गठ्ठा सोडला. तुझं २६ मेचं पत्र आहे. तारखेखाली, नेहमीसारखं : आज, दीपगृहाच्या रखवालदाराच्या विधवेने...

ताई, दहा वर्षं तू प्रत्येक पत्रावर तारखेखाली ती ओळ लिहितेस. मला वाटायचं, भिंतीवरच्या त्या दिवसाच्या पानावरून उतरवतेस. छापून जगजाहीर झालेलंच म्हणून मी ते दिलं. तू कुठून उतरवतेस?

मी ठरवलंय. तुझं नाव कुठेच येऊ देणार नाही. मालकांना लिहितो, की जूनमध्ये मीच खोक्यातून चोरलं. नोकरी गेली तर मला दुसरी मिळेल, भाऊजींना नाही. फक्त हो म्हण.

पायांवर डोकं ठेवून,
बारक्या

२४ डिसेंबर

चि. बारक्यास ताईचे आशीर्वाद, आणि दोन हात जोडून.

भिंतीवरचं त्या दिवसाचं पान हे सकाळीच फाडतात आणि खिशात घालून कामावर नेतात. म्हणून मी झाडलोट करताना खोक्यातून त्या तारखेचं वरचं कार्ड काढते, ओळ उतरवते, परत ठेवते. त्यात पुढच्या वर्षाची कार्डं आधीच पडतात, हे बावीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. चोर घरात, आणि मी दोरा लावत बसले.

काल यांना सांगितलं. तर यांनी विचारलं, ती बाई तुला खरी वाटली होती का. मी म्हटलं, खरी? मी त्या दिवशी तिच्यासाठी दिवसभर उपास केला होता. यावर हे इतके हसले, की मला आधी भीती वाटली आणि मग रडू आलं. म्हणाले, नसलेल्या बाईसाठी कुणी जेवण सोडलं, एवढी दाद मला आजवर कुणी दिली नाही.

तू कुणाला काही लिहायचं नाहीस. न केलेली चोरी कबूल करणं हेही खोटंच, आणि खोट्याने आपलं आधीच पुरेसं झालंय. मालकांकडे मी स्वतः जाणार आहे. हे नको म्हणतात, जाणार आहे. पण माझ्या तोंडच्या शब्दावर ते का भरवसा ठेवतील? माझं २६ मेचं पत्र, पाकिटासकट, टपालाच्या शिक्क्यासकट, मला पाठव. शिक्का खोटं बोलत नाही.

त्या पत्रात दुसऱ्या परिच्छेदात मी मालकांना कवडीचुंबक घुबड म्हटलंय आणि त्यांच्या सुनेच्या स्वयंपाकावरही बरंच लिहिलंय, ते मला आठवतंय. त्यातलं अक्षरही खोडू नकोस. खाडाखोड दिसली की त्यांना संशय येईल. त्यांना सगळं वाचू दे. मी समोर उभी राहीन.

तुला मी चोर म्हटलं, ते कसं परत घ्यायचं हे मला अजून कळलेलं नाही. एकतीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. परतीच्या टपालाने पाठव.

तुझी,
ताई